विश्लेषण : सात वर्षं जुन्या फटीतून हॅकर्स आजही आत कसे येतात? ऑफिसच्या कोपऱ्यातल्या ‘स्विच’ची गोष्ट

ऑफिस असो, कॉलेज असो की हॉस्पिटल, कुठल्या तरी कोपऱ्यात भिंतीला लावलेली एक लोखंडी पेटी असते. आत हिरवे दिवे लुकलुकणारा एक चपटा डबा, त्यातून निघालेल्या निळ्या-करड्या वायरी आणि वर साठलेली धूळ. या डब्याला ‘नेटवर्क स्विच’ म्हणतात. नेट चालू असेपर्यंत त्याच्याकडे कुणी बघत नाही. हॅकर्स मात्र बघतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने याच प्रकारच्या उपकरणांबद्दल जाहीर इशारा दिला. त्यात ज्या त्रुटीचा उल्लेख होता, ती २०१८ मध्येच उघड झालेली होती आणि तिच्यावरचा उपायही तेव्हाच उपलब्ध झाला होता.

मग सात वर्षं ती फट उघडी कशी राहिली? आणि ती बंद करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

२०१८ मध्ये काय घडलं होतं?

६ एप्रिल २०१८, शुक्रवार. इराणमध्ये हा साप्ताहिक सुट्टीचा दिवस. त्या रात्री तिथल्या अनेक डेटा सेंटरमधली सेवा एकाएकी बंद पडली. बिघडलेल्या उपकरणांच्या स्क्रीनवर अक्षरांनी काढलेला अमेरिकेचा झेंडा दिसत होता आणि सोबत इंग्रजीत धमकी होती, ‘आमच्या निवडणुकांत ढवळाढवळ करू नका’. इराणच्या दूरसंचार मंत्रालयाने तेव्हा सांगितलं, की जगभरात सुमारे २ लाख स्विचना फटका बसला आणि त्यातले साधारण ३,५०० इराणमधले होते.

हल्लेखोरांनी वापरली ती सिस्को कंपनीच्या स्विचमधली ‘स्मार्ट इन्स्टॉल’ नावाची सोय. दूरच्या शाखेत नवा स्विच पाठवला, तर तिथे इंजिनिअर न जाताही त्याची सेटिंग आपोआप भरली जावी, यासाठी ती बनवली होती. हेतू चांगला होता. अडचण अशी, की ही सोय समोरच्याला पासवर्डच विचारत नव्हती. ४७८६ क्रमांकाच्या पोर्टवर जो कुणी ‘ही घे नवी सेटिंग’ म्हणेल, त्याचं ऐकायचं. बऱ्याच मॉडेलवर ती आधीपासूनच सुरू असायची आणि काम झाल्यावर बंद करायची आठवण कुणाला राहायची नाही.

२८ मार्च २०१८ ला सिस्कोने याच सोयीतल्या एका गंभीर त्रुटीवर दुरुस्ती जाहीर केली. तिचा क्रमांक सीव्हीई-२०१८-०१७१. ५ एप्रिलला कंपनीच्या ‘टॅलॉस’ या सुरक्षा पथकाने पुन्हा इशारा दिला आणि इंटरनेटवर अशी सुमारे १ लाख ६८ हजार उपकरणं उघडी दिसत असल्याचं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी हल्ला झाला. नवरोजच्या सुट्ट्यांमुळे काही कंपन्यांनी दुरुस्ती केली नव्हती, असं इराणच्या मंत्रालयाने नंतर मान्य केलं.

मग २०२५ मध्ये हा विषय पुन्हा का निघाला?

कारण तीच त्रुटी अजून कामाला येत होती. २० ऑगस्ट २०२५ च्या इशाऱ्यात एफबीआयने म्हटलं, की रशियाच्या ‘एफएसबी’ या गुप्तचर संस्थेच्या ‘सेंटर १६’ शी संबंधित हॅकर्स सीव्हीई-२०१८-०१७१ आणि जुनाट ‘एसएनएमपी’ सेटिंगचा वापर करत आहेत. त्याआधीच्या वर्षभरात अमेरिकेतल्या महत्त्वाच्या क्षेत्रांमधल्या हजारो नेटवर्क उपकरणांच्या सेटिंगच्या फाइल त्यांनी गोळा केल्याचं एफबीआयला आढळलं. काही उपकरणांत तर पुन्हा आत येता यावं म्हणून सेटिंगच बदलून ठेवलेली होती.

टॅलॉसने या गटाला ‘स्टॅटिक टुंड्रा’ हे नाव दिलं आहे. त्यांच्या माहितीनुसार दूरसंचार कंपन्या, विद्यापीठं आणि कारखाने हे या गटाचं लक्ष्य होतं आणि ते उत्तर अमेरिका, आशिया, आफ्रिका, युरोप अशा चार खंडांत पसरलेलं होतं.

२०१८ चा हल्ला आणि हा प्रकार यात फरक आहे. तेव्हा नेट बंद पडलं म्हणून निदान सगळ्यांना कळलं तरी. आता काहीच बंद पडत नाही. स्विच नेहमीसारखा चालतो, दिवे लुकलुकतात आणि मागच्या मागे सेटिंगची फाइल बाहेर जाते. त्या फाइलमध्ये नेटवर्कचा जवळपास सगळा नकाशा असतो.

पण स्विच म्हणजे नेमकं काय?

मराठीत स्विच म्हटलं की पंख्याचं बटण आठवतं. नेटवर्कमधला स्विच म्हणजे एकाच जागेतले कॉम्प्युटर, प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरे आणि वायफायचे डबे एकमेकांना जोडणारं उपकरण. कुणाचा डेटा कुठल्या वायरीत पाठवायचा, हे तो ठरवतो.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला झाला आणि ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. त्या बातम्यांमध्येही ‘स्विच’ हा शब्द होता. तो मात्र एटीएमचे व्यवहार मंजूर करणारी पेमेंट यंत्रणा, म्हणजे ‘एटीएम स्विच’. इथे बोलतोय ते त्याबद्दल नाही.

नेटवर्क स्विच ढोबळमानाने दोन प्रकारचे. साधा, म्हणजे ‘अनमॅनेज्ड’ स्विच दुकानातून आणायचा आणि वायरी खोचायच्या, संपलं काम. दुसरा ‘मॅनेज्ड’. त्याला स्वतःचा आयपी पत्ता असतो. त्यात लॉगिन करून कुठलं पोर्ट चालू ठेवायचं, अकाउंट्स विभागाचं नेटवर्क पाहुण्यांच्या वायफायपासून वेगळं कसं ठेवायचं, हे ठरवता येतं. थोडक्यात, मॅनेज्ड स्विच हा स्वतःच एक छोटा कॉम्प्युटर आहे. आणि कॉम्प्युटर म्हटला की लॉगिन आलं, पासवर्ड आला आणि ते चोरणारेही आले.

धोक्याचा दरवाजा कोणता?

सोसायटीत रोज शेकडो लोक लिफ्टने वर-खाली करतात. पण लिफ्टच्या मशीन रूमची किल्ली प्रत्येकाकडे नसते. स्विचचंही तसंच असायला हवं. त्यातून सगळ्यांचा डेटा जावा, पण त्याचा कारभार बदलायची मुभा दोघा-तिघांनाच असावी. या कारभाराच्या दरवाजाला तांत्रिक भाषेत ‘मॅनेजमेंट’ म्हणतात.

प्रत्यक्षात काय होतं? बहुतेक मॅनेज्ड स्विच खोक्यातून बाहेर येतात तेव्हा त्यांची सगळी पोर्ट ‘व्हीलॅन १’ नावाच्या एकाच गटात असतात. घाईत स्विच बसवणारा माणूस मॅनेजमेंटचा पत्ताही त्याच गटात देऊन टाकतो. परिणामी मीटिंग रूममध्ये आलेल्या पाहुण्याने भिंतीवरच्या सॉकेटमध्ये वायर खोचली, तरी स्विचचं लॉगिनचं पान त्याच्या लॅपटॉपवर उघडतं. म्हणजे मशीन रूमचं दार थेट लिफ्टमध्येच उघडलं.

कोणत्या सेटिंग बदलायला हव्यात?

कंपनीप्रमाणे मेन्यूतली नावं वेगळी असतात, पण मुद्दे तेच राहतात.

एक, मॅनेजमेंटचं नेटवर्क वेगळं करा. स्विचच्या कारभारासाठी स्वतंत्र व्हीलॅन ठेवायचा आणि आयटी विभागाच्या ठरावीक कॉम्प्युटरवरूनच तिथे पोहोचता येईल, अशी परवानगीची यादी लावायची. या यादीला ‘ॲक्सेस कंट्रोल लिस्ट’ म्हणतात. मोठ्या संस्थांनी त्यासाठी संपूर्ण वेगळ्या वायरी आणि वेगळं नेटवर्क ठेवावं, असा सल्ला अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि न्यूझीलंडच्या सायबर यंत्रणांनी डिसेंबर २०२४ मध्ये दिला होता. स्विचचं मॅनेजमेंट थेट इंटरनेटवरून दिसणं, हे तर कुठल्याच परिस्थितीत नको.

दोन, टेलनेट बंद, एसएसएच सुरू. टेलनेट ही लांबून लॉगिन करायची जुनी पद्धत. त्यात पासवर्ड जसाच्या तसा वायरीतून जातो. पोस्टकार्डावर एटीएमचा पिन लिहून पाठवण्यासारखं. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी एसएसएच तयार केलं. त्यात सगळं संभाषण कुलूपबंद असतं. तीसेक वर्षं झाली, तरी अनेक स्विचवर टेलनेट अजून चालूच सापडतं. एसएसएचची दुसरी आवृत्ती वापरायची आणि काही मिनिटं काम न झाल्यास लॉगिन आपोआप बंद होईल, अशी वेळमर्यादा घालायची.

तीन, ब्राउझरमधलं पान लागत नसेल तर बंद. अनेकांना स्विचची सेटिंग ब्राउझरमध्ये उघडणं सोपं वाटतं. पण १६ ऑक्टोबर २०२३ ला सिस्कोने जाहीर केलेल्या त्रुटीत नेमकं हेच पान हल्लेखोरांना सापडलं होतं. पासवर्डशिवाय थेट सर्वाधिकार असलेलं खातं त्यातून उघडता येत होतं. जगभरातली हजारो उपकरणं तेव्हा हॅक झाली. धोक्याच्या मोजपट्टीवर या त्रुटीला १० पैकी १० गुण मिळाले होते. दुरुस्ती यायच्या आधी सिस्कोचा सल्ला एकच होता, इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांवरची ही सोय बंद करा. ते पान हवंच असेल, तर एचटीटीपीएसवर आणि परवानगीच्या यादीतल्या कॉम्प्युटरपुरतंच ठेवायचं.

चार, एसएनएमपीची तिसरी आवृत्ती. स्विचवर किती ताण आहे, कुठलं पोर्ट बंद पडलं, ही माहिती लांबून गोळा करण्यासाठी एसएनएमपी वापरतात. त्याच्या पहिल्या दोन आवृत्त्यांमध्ये पासवर्डच्या जागी एक परवलीचा शब्द चालतो. वाचण्यासाठी ‘पब्लिक’ आणि बदल करण्यासाठी ‘प्रायव्हेट’, हे वर्षानुवर्षं चालत आलेले शब्द प्रत्येक हॅकरला पाठ आहेत. बदल करायचा शब्द हाती लागला, की स्विचला ‘तुझी सेटिंगची फाइल मला पाठव’ असंही सांगता येतं. स्टॅटिक टुंड्राने एसएनएमपीचा वापर याच कामासाठी केला. तिसरी आवृत्ती २००२ मध्ये प्रमाणित झाली. तिच्यात वापरणाऱ्याची ओळखही तपासली जाते आणि माहितीही कुलूपबंद जाते. एसएनएमपी वापरात नसेल, तर सरळ बंद.

पाच, गरज नसलेलं सगळं बंद. स्मार्ट इन्स्टॉल त्यात पहिलं. रिकामी पोर्टही बंद ठेवायची, म्हणजे कुणीही वायर खोचून आत येणार नाही.

पासवर्ड तर सगळेच ठेवतात, मग अडतं कुठे?

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या दूरसंचार कंपन्यांमध्ये ‘सॉल्ट टायफून’ नावाचा गट शिरल्याचं उघड झालं. त्याच्यामागे चीन असल्याचं अमेरिका म्हणते, चीन ते नाकारतो. टॅलॉसने फेब्रुवारी २०२५ मध्ये या प्रकरणाबद्दल जे लिहिलं, ते विचार करायला लावणारं आहे. तपासलेल्या घटनांपैकी सीव्हीई-२०१८-०१७१ चा वापर झाल्याचं एकाच ठिकाणी दिसलं. बाकी ठिकाणी हल्लेखोर खऱ्याखुऱ्या, चोरलेल्या लॉगिननेच आत आले होते. आत आल्यावर सेटिंगच्या फाइल मिळवायच्या, त्यातले कच्चे लपवलेले पासवर्ड उलगडायचे आणि पुढच्या उपकरणात शिरायचं, असा त्यांचा क्रम होता.

‘कच्चे लपवलेले’ म्हणजे काय? सिस्कोच्या उपकरणांत पासवर्ड साठवण्याचे क्रमांक दिलेले प्रकार आहेत. ‘टाइप ७’ बघताना अगम्य वाटतो, पण इंटरनेटवरच्या फुकट साधनाने तो क्षणात उलगडतो. अमेरिकेच्या एनएसए या संस्थेने फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याऐवजी ‘टाइप ८’ वापरावा, असा सल्ला दिला होता. बदल एका ओळीचा आहे, पण पासवर्ड नव्याने टाकावा लागतो. म्हणून तो राहून जातो.

दुसरी अडचण, सगळ्यांचं मिळून एकच ‘अ‍ॅडमिन’ खातं. काही बदललं तर कुणी बदललं ते कळत नाही आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडेही पासवर्ड राहतो. त्यासाठी प्रत्येकाचं वेगळं खातं आणि ते तपासणारा मध्यवर्ती सर्व्हर लागतो. ‘रेडियस’ किंवा ‘टॅकॅक्स प्लस’ या नावांनी तो ओळखला जातो. तो सर्व्हर बंद पडला तर अडायला नको म्हणून एक स्थानिक खातं राखून ठेवतात. त्याचा पासवर्ड वेगळा, मोठा आणि बंद पाकिटात.

कुलूप लावताना आपणच बाहेर अडकलो तर?

ही भीती खोटी नाही. लांबून काम करताना परवानगीच्या यादीत एक आकडा चुकला, की इंजिनिअरचा स्वतःचाच रस्ता बंद होतो आणि मग गाडी काढून त्या शाखेत जावं लागतं. ‘चालू आहे ना, मग हात कशाला लावायचा?’ ही वृत्ती यातूनच येते.

त्यावर जाणत्यांच्या काही साध्या युक्त्या आहेत. आधी सध्याच्या सेटिंगची प्रत काढून ठेवायची. चालू लॉगिन बंद न करता दुसऱ्या खिडकीतून नव्या पद्धतीने आत जाता येतं का, ते पाहायचं. ते जमलं, तरच टेलनेट बंद करायचं. स्विचमध्ये दोन सेटिंग असतात, एक सध्या चालू असलेली आणि दुसरी, जतन केलेली, जी रीस्टार्टनंतर लागू होते. त्यामुळे बदल करण्याआधी ‘दहा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट हो’ असं सांगून ठेवलं आणि मध्येच रस्ता बंद झाला, तर दहा मिनिटांनी जुनी सेटिंग परत येते. सगळं नीट झालं, तर ती वेळ रद्द करायची आणि मगच बदल जतन करायचा.

२०१८ च्या हल्ल्यात जतन केलेली सेटिंगच पुसली गेली होती. अशा वेळी बाहेर ठेवलेली प्रत असेल, तर काम तासाभरात होतं. नसेल, तर कुठली वायर कुठे जाते इथपासून शोधावं लागतं. रुग्णालयात हा वेळ म्हणजे तपासणीचे रिपोर्ट अडलेले, बिलिंग अडलेलं आणि खिडकीसमोर नातेवाइकांची रांग.

भारतात याबद्दल काही नियम आहेत का?

आहेत. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. यंत्रणांच्या नोंदी, म्हणजे ‘लॉग’, १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. उपकरणांची घड्याळंही ‘एनआयसी’ किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली असावी लागतात. सरकारी कार्यालयं आणि खासगी कंपन्या, दोन्हींना हे लागू आहे.

घड्याळाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तसा नाही. अनेक जुन्या स्विचना वीज गेल्यावर वेळ आठवत नाही. सिस्कोची कित्येक जुनी मॉडेल रीस्टार्ट झाली, की थेट १ मार्च १९९३ ही तारीख दाखवतात. मग नोंदवहीत ‘१९९३ मध्ये कुणीतरी लॉगिन केलं’ असं दिसणार. त्यावरून चोर कसा शोधायचा? वेळ जुळवणारी ‘एनटीपी’ सेवा सुरू करायची आणि नोंदी स्विचमध्येच न ठेवता दुसऱ्या सर्व्हरवर पाठवायच्या. आत शिरलेला माणूस आधी स्विचमधल्या नोंदीच पुसतो.

सगळं माहीत असून होत का नाही?

वर सांगितलेल्या बहुतेक सेटिंगना वेगळे पैसे पडत नाहीत. त्या स्विचमध्ये असतातच. खर्च येतो तो माणसाच्या वेळेचा, आणि छोट्या संस्थेत तो माणूस कोण, हेच ठरलेलं नसतं. स्विच बसवला एका व्हेंडरने, देखभालीचं वार्षिक कंत्राट दुसऱ्याकडे, पासवर्ड तिसऱ्याच्या डायरीत. नेट चालू आहे तोवर बिल मंजूर होतं. टेलनेट बंद केल्याबद्दल कुणी शाबासकी देत नाही. ते चालू राहिलं, तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

त्यात उपकरणं लवकर मरत नाहीत. पंधरा वर्षांपूर्वीचा स्विच आजही वायरीतून डेटा व्यवस्थित पोहोचवतो. पण कंपनीने त्याचे अपडेट बंद केलेले असतात. एफबीआयच्या इशाऱ्यात अशा ‘मुदत संपलेल्या’ उपकरणांचा खास उल्लेख आहे. सेटिंग कितीही नीट केली, तरी नवी त्रुटी सापडल्यावर त्यांच्यासाठी दुरुस्ती येणारच नाही. ती बदलणं हाच उपाय, आणि तिथे मात्र खरोखर पैसे लागतात.

सामान्य माणसाने यात काय करायचं?

घरच्या राउटरला यातलं बरंचसं लागू नाही. तिथे कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलणं, अपडेट चालू ठेवणं आणि बाहेरून मॅनेजमेंट करायची सोय बंद ठेवणं पुरेसं आहे. पण शाळेच्या व्यवस्थापनात, पतसंस्थेच्या संचालक मंडळात किंवा छोट्या कारखान्याच्या ऑफिसात बसणाऱ्यांनी देखभालीचं कंत्राट पुढच्या वेळी नूतनीकरणाला आलं, की सही करण्याआधी काही गोष्टी विचारायला हरकत नाही. आपल्याकडे मॅनेज्ड स्विच किती आणि कंपनी त्यांना अजून अपडेट देते का? टेलनेट आणि स्मार्ट इन्स्टॉल बंद आहेत का? एसएनएमपी कितवी आवृत्ती? पासवर्ड कुणाकुणाकडे आहे? सेटिंगची शेवटची प्रत कधी काढली आणि ती कुठे ठेवली आहे?

यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. उत्तरं लेखी मागायची आणि ‘बघून सांगतो’ असं उत्तर आलं, तर तारीख मागायची.